श्रवणाचा सेवक
(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या सभेंत वक्त्यानें पूर्वजांचें स्मरण करावें, देवाच्या उपकारांची गणना करावी आणि चर्च उभारण्यासाठीं झिजलेल्या हातांचे आभार मानावे, अशी रीत आहे. तें कार्य माझ्या आधीं बोललेल्या मंडळींनीं उत्तम प्रकारें पार पाडलें आहे. मी आज आपणांपुढें अशा एका सेवकाविषयीं बोलणार आहें कीं, ज्याचें नांव आभारांच्या यादींत क्वचितच येतें. तो वेदीवर नसतो, गायनवृंदांत नसतो, मिरवणुकींतहि नसतो. चर्चच्या मागील कोपऱ्यांत एका लहानशा मेजापाशीं तो उभा असतो. त्याचें काम बिनचूक झालें म्हणजे तो तेथें आहे हें कोणाच्या ध्यानींहि येत नाहीं. काम बिघडलें म्हणजे मात्र साऱ्या सभेच्या माना एकदम त्याच्याकडे वळतात. साध्या भाषेंत आपण त्याला 'माइकवाला' म्हणतों.

हा विषय निवडण्यास कारण आहे. ज्युबिलीच्या निधींतून चर्चमध्यें नवीन ध्वनियंत्रणा बसवावी, अशी सूचना पुढें आली आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु यंत्र दुकानांत मिळतें, भरंवशाचा माणूस घडवावा लागतो. म्हणून कोणतें यंत्र घ्यावें हा विचार करण्यापूर्वीं तें कोणाच्या हातीं द्यावें, हा विचार आपण करूं.

श्रवण ही आपल्या धर्मांत दुय्यम गोष्ट नव्हे. संत पौलानें रोमकरांस पाठविलेल्या पत्राच्या १० व्या अध्यायांत विश्वासाचा उगम श्रवणांत दाखविला आहे. आणि करिंथकरांच्या पहिल्या पत्राच्या १४ व्या अध्यायांत रणशिंगाचा दाखला घेऊन अस्पष्ट नादाचा कांहीं उपयोग नाहीं, हें पटवून दिलें आहे. नहेम्याच्या ग्रंथाच्या ८ व्या अध्यायांत एज्रा शास्त्री लोकांना नियमशास्त्र वाचून दाखवितो, तेव्हां त्याच्यासाठीं मुद्दाम लांकडी मंच उभारलेला असतो. प्रभु येशूनें किनाऱ्यावरील समुदायाला शिकवितांना होडीचा आश्रय घेतला, हें मार्काच्या शुभवर्तमानांत आपण वाचतों. बोलणाऱ्याचा शब्द शेवटच्या माणसापर्यंत पोंचावा, यासाठीं केलेली योजना ही धर्मसेवेइतकीच जुनी आहे.

जुन्या चर्चमध्यें भिंतीस लागून उंचावर बांधलेलें प्रवचनपीठ आणि त्यावरील लांकडी छत्र आपण पाहिलें असेल. तें छत्र केवळ शोभेचें नसे. वर जाऊन छतांत हरवणारा आवाज तें लोकांकडे परतवीत असे. पुढें विजेचें साहाय्य आलें. १९१५ च्या सुमारास अमेरिकेंतील कॅलिफोर्नियांत प्रिडॅम व जेन्सन या दोघांनीं मोठ्या समुदायास ऐकूं जाईल असा विजेवर चालणारा कर्णा प्रचारांत आणला. ख्रिस्तसभेनेंहि या साधनांस दूर लोटलें नाहीं. १२ फेब्रुवारी १९३१ रोजीं मार्कोनी यांनीं उभारलेल्या व्हॅटिकन नभोवाणीचें उद्घाटन अकरावे पायस यांनीं केलें. १९३२ सालीं डब्लिन येथें भरलेल्या आंतरराष्ट्रीय युखरिस्त महोत्सवांत फीनिक्स पार्कपासून शहरांतील रस्त्यांपर्यंत कर्णे लावून लाखों लोकांस मिस्सेंत सहभागी करून घेण्यांत आलें. आपल्याकडे १९६४ च्या डिसेंबरांत पोप सहावे पॉल याच महोत्सवासाठीं मुंबईस आले आणि ओव्हल मैदान माणसांनीं फुलून गेलें, ही गोष्ट आपल्यांतील वडीलधाऱ्यांच्या अजून आठवणींत आहे.

त्याआधीं वर्षभर, ४ डिसेंबर १९६३ रोजीं, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें उपासनाविधीविषयींचा आदेश प्रसिद्ध केला, आणि लॅटिनच्या जागीं आपली मायबोली वेदीवर येण्याचा मार्ग मोकळा झाला. पूर्वीं लोक मिस्सेच्या वेळीं आपापली जपमाळ ओढीत. आतां वाचन, प्रार्थना, प्रतिसाद हें सर्व एकमेकांस ऐकूं येणें अगत्याचें झालें. मिस्साग्रंथाच्या सामान्य सूचनांतील ३११ व्या कलमांत तर असें स्पष्ट सुचविलें आहे कीं, भाविकांना केवळ दिसावें एवढेंच पुरे नाहीं, आधुनिक साधनांच्या योगें त्यांना विनासायास ऐकूंहि यावें. अर्थात् माइकवाल्याचें काम ही उपासनेची बाहेरची सजावट राहिली नाहीं. तें उपासनेच्या आंतील काम झालें.

आतां असा सेवक भरंवशाचा केव्हां म्हणावा? मला त्याच्या अंगीं पांच गुण असावेसे वाटतात.

पहिला गुण दुसऱ्याच्या कानांनीं ऐकण्याचा. 'मला ऐकूं येतें' एवढ्यावर त्याचें समाधान होतां कामा नये. शेवटच्या बांकावरील आजीला, खांबाआड बसलेल्या गृहस्थाला, व्हरांड्यांत लेंकरूं कडेवर घेऊन उभ्या असलेल्या आईला काय ऐकूं येतें, हें त्याला ठाऊक पाहिजे. त्यासाठीं मेज सोडून पायांनीं चालावें लागतें. मिस्सेपूर्वीं आणि मिस्सा चालू असतां एकदां तरी जो शांतपणें मागच्या दारापर्यंत जाऊन येतो, तो जाणता समजावा.

चर्चची इमारत स्वतःहि बोलत असते, हें त्यानें ओळखलें पाहिजे. १८९५ सालीं हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयांतील व्याख्यानगृहांत उच्चारलेला शब्द पांच सेकंदांहून अधिक काळ घुमत राही, आणि श्रोत्यांस कांहीं समजत नसे. त्यावर उपाय शोधण्याचें काम वॉलेस सॅबाइन नांवाच्या तरुण अध्यापकाकडे आलें. त्यानें जवळच्या सँडर्स नाट्यगृहांतील आसनांच्या गाद्या रात्रीं आणून त्या खोलींत मांडल्या, आणि किती गाद्यांनीं घुमणें किती कमी होतें, तें घड्याळ हातीं धरून मोजलें. जागेचें घनफळ व तिच्यांतील आवाज शोषणाऱ्या वस्तू यांवर घुमण्याचा काळ अवलंबून असतो, हा नियम त्यांतून निघाला. आपल्या चर्चमध्यें गाद्या नाहींत; तेथें माणसेंच गाद्यांचें काम करितात. म्हणून शनिवारीं रिकाम्या चर्चमध्यें जुळविलेला आवाज रविवारीं भरल्या चर्चमध्यें तसाच राहत नाहीं. तो पुन्हां पारखावा लागतो.

येथें एका सामान्य समजाचें निरसन केलें पाहिजे. 'समजत नाहीं' अशी तक्रार आली कीं नवशिका माइकवाला आवाज चढवितो. परंतु मोठें होणें आणि स्पष्ट होणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. 'ताप', 'पाप' आणि 'साप' या तीन शब्दांतील भेद केवळ पहिल्या व्यंजनाचा आहे. स्वरांत जोर असतो. अर्थ पुष्कळ अंशीं व्यंजनांवर तोललेला असतो, आणि व्यंजनें ओळखण्यास २००० ते ४००० हर्ट्झ या पट्ट्यांतील ध्वनि विशेष उपयोगी पडतो. घुमणाऱ्या चर्चमध्यें खर्जाचा आवाज वाढविला तर प्रवचन भारदस्त भासतें, पण शब्द एकमेकांत विरघळतात. अशा वेळीं खर्ज कमी करणें, हाच पुष्कळदां खरा उपाय असतो.

दुसरा गुण पूर्वतयारीचा. दहा कुमारिकांच्या दाखल्यांतील शहाण्या कुमारिकांनीं तेल आधींच बरोबर घेतलें होतें. आपल्या माइकवाल्याचें तेल म्हणजे बॅटरी. बिनतारी माइकची बॅटरी 'अजून चालेल' या आशेवर ठेवूं नये. मोठ्या विधीपूर्वीं ती नवी किंवा पुरती भरलेली असावी. मिस्सेपूर्वीं तासभर यावें. प्रत्येक माइक त्याच्या जागेवर उभें राहून, वाचक बोलेल तितक्याच अंतरावरून बोलून पाहावा. यंत्रें सुरू करितांना अँप्लिफायर सर्वांत शेवटीं चालू करावा व बंद करितांना सर्वांत आधीं बंद करावा, म्हणजे कर्ण्यांस धक्का बसत नाहीं. एक जास्तीची वायर, एक जास्तीचा माइक हाताशीं असावा. वायर कोपरावर पीळ देऊन गुंडाळूं नये. तिच्या नैसर्गिक वळणानें गोल घड्या घालाव्या, नाहीं तर आंतील तारा तुटतात आणि नेमक्या सणाच्या दिवशीं खरखर सुरू होते. आपला किनारपट्टीचा मुलूख. येथील खारी व दमट हवा तारांच्या तोंडांवर गंज चढविते. पावसाळ्यानंतर सर्व जोड उघडून पुसले पाहिजेत. वीज गेली तर काय, याचेंहि उत्तर वीज असतांनाच तयार असावें.

तिसरा गुण म्हणजे कारण शोधण्याची शांत बुद्धि. माइक शिट्टी मारूं लागला कीं सर्वत्र धांदल उडते. ही शिट्टी म्हणजे काय? कर्ण्यांतून निघालेला आवाज माइकमध्यें परत शिरतो, पुन्हां वाढून कर्ण्यांतून बाहेर पडतो, आणि हें चक्र क्षणांत अनेक वेळां फिरतें. ज्याला हें कारण ठाऊक आहे तो प्रथम आवाज किंचित् उतरवितो. नंतर कर्णा माइकच्या मागें तर नाहीं ना, आणि नको असलेले माइक उघडे तर नाहींत ना, तें पाहतो. उघड्या माइकांची संख्या दुप्पट झाली कीं शिट्टीपूर्वींची मोकळीक सुमारे ३ डेसिबलनें घटते. उलट बोलणाऱ्याचें तोंड ४० सेंटिमीटरवरून २० वर आलें तर आवाजांत सुमारे ६ डेसिबलची भर पडते, आणि तीहि फुकट. म्हणून अर्धी विद्या माइक योग्य जागीं ठेवण्यांत आहे. पहिल्यानेंच वाचनास उभी राहिलेली लहान मुलगी आठवा. माइक तिच्या कपाळाच्या वर असेल तर तिचा आवाज पोंचणार नाहीं. लोक कुजबुजतील, आणि ती पुन्हां वाचनास येणार नाहीं. ती मंचावर चढण्यापूर्वींच ज्यानें माइक तिच्या उंचीस आणून ठेवला, त्यानें केवळ यंत्र जुळविलें नाहीं. एका वाचिकेचें धैर्य राखलें.

सणाच्या दिवशीं मैदानांत मिस्सा होते तेव्हां या बुद्धीची कसोटी लागते. ध्वनि हवेंतून सेकंदास सुमारे ३४५ मीटर जातो. वेदीपासून ७० मीटरांवर दुसरा कर्णा ठेवला, तर तारेंतून तेथें शब्द तत्काळ पोंचतो, पण वेदीजवळील कर्ण्याचा तोच शब्द सुमारे सेकंदाच्या पांचव्या भागानें मागाहून येतो. मागच्या लोकांस प्रत्येक शब्द दोनदां ऐकूं येतो आणि एकदांहि समजत नाहीं. आजच्या मिक्सरमध्यें मागच्या कर्ण्याचा आवाज तितकाच उशिरा सोडण्याची सोय असते. ती वापरण्यास फार पैसा लागत नाहीं. अंतर मोजण्याची टेप आणि थोडें गणित लागतें.

चौथा गुण विधीची जाण आणि मुखाचा संयम. माइकवाल्याला मिस्सेचा क्रम वेदीसेवकाइतकाच पाठ असावा. वाचक उठण्यापूर्वीं त्याचा माइक उघडावा, वाचन संपतांच मिटावा. गायनवृंदाचा सूर लोकांच्या सुराला दाबून टाकणार नाहीं, हें पाहावें. कारण चर्चमधील गायन ही सभेची प्रार्थना आहे. मौन कोठें आहे, हेंहि त्याला कळलें पाहिजे. शुभ शुक्रवारीं धर्मगुरु वेदीसमोर साष्टांग पडतो, तेव्हां कर्ण्यांतील बारीकशी गुणगुणहि त्या शांततेला तडा देते. अंत्यविधीच्या वेळीं शवपेटीजवळील कुटुंबाचे हुंदके उघड्या माइकांतून साऱ्या गांवास ऐकविणें ही क्रूरता होय. २०२० च्या महामारीपासून विधींचें थेट प्रक्षेपण होऊं लागल्यावर तर ही काळजी दुप्पट वाढली आहे.

याहून गंभीर गोष्ट प्रायश्चित्त संस्काराची. धर्मगुरूच्या झग्यावर लावलेला बिनतारी माइक उघडा राहिला आणि धर्मगुरु तसाच कुमसार ऐकण्यास बसला, तर काय अनर्थ होईल, याची कल्पना करा. कुमसाराचें गुपित अभंग आहे. १९८३ च्या धर्मसंहितेच्या ९८३ व्या नियमाच्या पहिल्या भागांत तें बंधन धर्मगुरूवर घातलें आहे, आणि दुसऱ्या भागांत दुभाष्यावर व ज्या ज्या मनुष्यास कोणत्याहि रीतीनें त्या पापांचें ज्ञान झालें असेल त्या प्रत्येकावर गुप्ततेचें बंधन घातलें आहे. कानाला यंत्र लावून बसलेला माइकवाला यांतून सुटत नाहीं. धर्मगुरु वेदी सोडून निघाला कीं त्याचा माइक मेजावरून बंद करणें, ही सवय हाताला श्वासोच्छ्वासासारखी जडली पाहिजे. धर्मगुरूनेंहि माइक काढून ठेवल्यावांचून कुमसारघरांत पाऊल टाकूं नये. आणि चुकून कांहीं कानीं पडलेंच, तर तें कानांतच मरावें. ज्याच्याविषयीं एवढी खात्री देतां येत नाहीं, त्याचा हात कितीहि कुशल असो, तो या मेजापाशीं नसावा.

पांचवा गुण जीविताची आणि शेजाऱ्याची काळजी. आपल्या घरांतील वीज २३० व्होल्टची. ती माइकच्या धातूंत उतरली तर गाणाऱ्या मुलाच्या ओठांशीं येऊन भिडते. कर्ण्यांतील गुणगुण घालविण्यासाठीं प्लगची अर्थाची पिन काढून टाकणारे महाभाग आढळतात. गुणगुण थांबते, पण मरणाला वाट मोकळी होते. मांडवांत, विशेषतः ओल्या जमिनीवर, ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारा रक्षक ब्रेकर असल्याशिवाय एकहि माइक उघडूं नये. भरंवशाचा माइकवाला येथें धर्मगुरूलाहि 'नाहीं' म्हणण्यास कचरत नाहीं. "फादर, सोय होईपर्यंत कार्यक्रम सुरू करतां येणार नाहीं," असें ज्याला नम्रपणें पण ठामपणें सांगतां येतें, त्याच्यावर मी माझीं मुलें निर्धास्तपणें सोंपवीन.

शेजाऱ्याविषयींहि कायदा स्पष्ट आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणें रात्रीं १० पासून सकाळीं ६ पर्यंत मोकळ्या जागेंत ध्वनिवर्धक लावतां येत नाहीं. राज्य सरकार वर्षांतील जास्तींत जास्त १५ दिवस ही मुदत मध्यरात्रीपर्यंत वाढवूं शकतें. निवासी भागासाठीं मर्यादा दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल अशी घातली आहे. कायद्याखेरीज प्रीतीचाहि एक नियम आहे. चर्चच्या कुंपणापलीकडे आजारी माणूस असेल, परीक्षेचा अभ्यास करणारें मूल असेल, अन्य धर्माचा शेजारी असेल. आपली भक्ति त्याच्या उशाशीं जाऊन ओरडूं लागली, तर प्रभूची सुवार्ता त्याला सुवार्ता कशी वाटावी? कर्णे आपल्या लोकांकडे वळलेले असावे, गांवाकडे नव्हे. मांडवांतील तरुणांच्या कानांचाहि विचार हवा. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाकाठीं ८ तास सोसावा, आणि त्यापुढें दर ३ डेसिबलांस तो वेळ निम्मा व्हावा, असा तज्ज्ञांचा दंडक आहे. त्या हिशेबानें १०० डेसिबलला अवघीं १५ मिनिटें उरतात. गमावलेली श्रवणशक्ति पुन्हां पूर्ववत् होत नाहीं.

हे पांच गुण एका दिवसांत येत नाहींत, आणि एकाच माणसापाशीं कोंडूनहि ठेवूं नयेत. 'मी नसलों तर चर्च मुकें होईल' असा ज्याला अभिमान वाटतो, त्याची सेवा अपुरी राहिली. आपल्यामागें दुसरा तयार करणें, ही त्याच्या विश्वासूपणाची शेवटली खूण होय.

म्हणून ज्युबिली समितीपुढें मी एक विनंति ठेवितों. निधींतील सर्व रक्कम यंत्रांवर खर्च करूं नये. यंत्र थोडें साधें घ्यावें, आणि वांचलेल्या पैशांतून आपले दोन युवक व दोन युवती रीतसर शिकून याव्या. मेजापाशीं एक वही ठेवावी. कोणता माइक केव्हां बिघडला, कोणती वायर केव्हां बदलली, कोणत्या सणाला कर्णे कोठें लावले, तें तींत तारखेनिशीं लिहावें. यंत्र दहा-पंधरा वर्षांत जुनें होईल. ती वही आणि तीं माणसें पुढच्या ज्युबिलीपर्यंत उपयोगीं पडतील. आणखी एक गोष्ट आपणां सर्वांच्या हातची आहे, आणि तिला कांहींच खर्च लागत नाहीं. मिस्सा संपल्यावर घरीं जातांना मागच्या कोपऱ्याशीं क्षणभर थांबावें आणि "आज सगळें नीट ऐकूं आलें" एवढें त्याला सांगावें. ऐकूं आलें नसेल तर तेंहि प्रेमानें सांगावें. यावांचून त्याला आपलें काम कळण्याचा दुसरा मार्ग नाहीं.

ज्यानें बहिऱ्याच्या कानांत बोटें घालून ते मोकळे केले, तो प्रभु आपल्या धर्मग्रामाला ऐकणारे कान, ऐकविणारे हात आणि गुपित राखणारीं मुखें देवो, अशी त्याच्या चरणीं प्रार्थना करून मी आपली रजा घेतों.